नेकनूरची जावा आणि ‘मूळ’ रूपाचा प्रश्न

बीडहून मांजरसुंबा आणि तिथून केजच्या रस्त्याला लागलं की नेकनूर येतं. जनावरांच्या आठवडी बाजारासाठी पंचक्रोशीत या गावाचं नाव आहे. इथे आमच्या चाचांच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांमागे, एक मोटारसायकल पंचवीसेक वर्षं उभी होती. मागच्या हिवाळ्यात ती बाहेर काढली. टाकी गंजलेली, टायर जमिनीला चिकटलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला. किक मारून पाहिली तर जागची हलेना. इंजिन जाम होतं.

गाडी जावा, म्हैसूरच्या कारखान्यात साठच्या दशकात बनलेली, 250 सीसीची. दोन बाजूंचे दोन सायलेन्सर पाहून मुलं विचारतात, “दोन सिलिंडर आहेत का?” सिलिंडर एकच आहे, जळालेला वायू बाहेर जायला त्याला दोन वाटा दिल्यात. दुसरी गंमत किकची. गियरचा दांडा फिरवून उभा केला की तोच किक होतो.

ही गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची, असं मी ठरवलं. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की काम पान्याचं कमी आणि इतिहासाचं जास्त आहे.

प्राग ते म्हैसूर

‘जावा’ हे दोन नावांचं जोडकाम. 1929 मध्ये प्रागचे शस्त्र-कारखानदार फ्रँटिशेक यानेचेक यांनी जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेकमधली पहिली दोन अक्षरं आणि वाँडररमधली पहिली दोन मिळून ‘जावा’ झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात ही कंपनी सरकारी मालकीची झाली.

पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या इराणी कंपनीनं या गाड्या भारतात आणून विकल्या. पण परकीय चलनाची चणचण होती आणि तयार वाहनांच्या आयातीवर बंधनं आली. तेव्हा रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी म्हैसुरात ‘आयडियल जावा’ उभी केली. 1961 मध्ये तिथून गाड्या निघू लागल्या. चेक कंपनीबरोबरचा करार संपल्यावर 1973 पासून नाव बदललं, ‘येझदी’ झालं. इराणमधलं यझ्द हे झरथुष्ट्री वस्तीचं जुनं शहर. भारतातल्या कितीतरी इराणी कुटुंबांची मुळं तिथली.

म्हणजे जर्मन परवान्यावर सुरू झालेली चेक गाडी, इराणी वंशाच्या मुंबईकरांनी कर्नाटकात बनवली आणि ती मराठवाड्यातल्या एका मुसलमान शेतकऱ्याच्या गोठ्यात येऊन थांबली.

कारखाना बंद, गाडी चालू

1984 ते 1986 या काळात सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी यांच्या भागीदारीतल्या 100 सीसीच्या गाड्या बाजारात आल्या. त्या हलक्या होत्या आणि पेट्रोल कमी पीत. जावा-येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं, धूर व्हायचा, अ‍ॅव्हरेज कमी. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

तरी गाड्या रस्त्यावर राहिल्या, त्या मिस्त्रींमुळे. आमची गाडी खोलताना याचा पुरावा पानापानावर सापडावा तसा सापडत गेला. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून चार दिवस ठेवलं, मग पिस्टन सुटला. त्याच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा होता. म्हणजे झिजलेला सिलिंडर आधीच एकदा बोअर करून झाला होता. मूळचा जिकॉव्ह कार्बोरेटर गायब. त्या जागी दुसऱ्याच गाडीचा, आणि तो बसावा म्हणून मधला तुकडा अ‍ॅल्युमिनियममधून लेथवर काढलेला. गियरबॉक्समध्ये गावातच बनवलेला पितळी बुश. पुढचं मडगार्ड खालून कापलेलं, कारण पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात गच्च बसायचा. मागे लोखंडी अँगलचं कॅरिअर, दुधाच्या दोन कॅनसाठी.

हे सगळं एकाच मिस्त्रीचं काम. ते आता हयात नाहीत. नेकनूरच्या बाजारात टपरीवजा गॅरेज होतं त्यांचं. त्यांचे वडील निजामाच्या पोलिसात होते. सप्टेंबर 1948 मध्ये ‘पोलीस अ‍ॅक्शन’ झाली, हैदराबाद संस्थान संपलं, नोकरी गेली. मुलानं हातात पाना घेतला. मराठवाड्यात अशी अनेक घरं आहेत, जिथे दप्तर किंवा फौज सुटली आणि पोट वेल्डिंग, फिटिंग, लेथ, रेडिएटर अशा हातकामावर आलं. आपल्याकडे मराठवाड्यातल्या मुसलमानांचा इतिहास निजाम, रझाकार आणि पोलीस अ‍ॅक्शनपाशी येऊन थांबतो. त्यानंतरच्या पिढ्यांनी काय केलं, याचे दाखले कागदावर फारसे नाहीत. ते असे गियरबॉक्समध्ये सापडतात.

कायद्याचं मूळ रूप

दरम्यान एका मित्रानं सुचवलं, गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी घे. केंद्र सरकारनं 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत तशी सोय केली आहे. गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात राखलेली हवी, तिच्यात मोठे फेरबदल झालेले नकोत. नव्या नोंदणीला शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच चालवायची.

जुनं वाहन जपण्यासाठी नियम योग्यच आहे. पण आमच्या गाडीला तो लावला तर अर्थ असा होतो: मिस्त्रीनं तिला ज्या ज्या गोष्टींनी चालतं ठेवलं, त्या पुसायच्या, आणि पुसून झाल्यावर गाडी उभी करायची.

मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, “रंग दे, निकेल चढव, काय पाहिजे ते कर. कॅरिअर काढू नको. तुझ्या कॉलेजची फी त्याच्यावरून गेलीय.”

अब्बा गेल्यावर दोन वर्षं चाचाच दूध घालून माझी फी भरत होते. हे मला माहीत होतं. दूध कशावरून जायचं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

काय ठेवलं, काय बदललं

शेवटी व्हिंटेज नोंदणीचा विचार सोडला. जुनीच नोंदणी चालू ठेवली. जिकॉव्ह कार्बोरेटर मिळवून बसवला, कारण त्यावर इंजिन खरंच चांगलं चालतं. क्रँकचे ऑइल सील नवे घातले. टू-स्ट्रोकमध्ये ते गळाले तर इंजिन बाहेरची हवा ओढतं आणि मिश्रण बिघडतं. सहा व्होल्टचा डायनॅमो दुरुस्त करून घेतला. मडगार्ड नवं बसवलं. टाकीला पुन्हा मरून रंग, बाजूंना क्रोम, गुडघ्यांजवळ रबरी पॅड.

पितळी बुश मोजून पाहिला. झीज नव्हती, तो तसाच ठेवला. लेथवरचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा आणि कापलेलं मडगार्ड गोठ्यातल्याच लाकडी पेटीत आहे. सोबत एक वही ठेवली आहे. कोणता भाग कुणी, कधी, कशासाठी बदलला, हे चाचा सांगतात आणि मी लिहितो. मिस्त्रींचं नाव तिच्या पहिल्या पानावर आहे. ते इथे द्यावं का, हे त्यांच्या मुलांना विचारूनच ठरवीन.

जुन्या गाड्या खोलणाऱ्यांना एकच विनंती. काढलेला भाग भंगारात टाकण्याआधी फोटो काढा, आणि तो कुणी बनवला हे विचारून ठेवा. कारखान्याचा इतिहास कुणीतरी लिहीलच.

पहिल्या फेरीला आम्ही मांजरसुंब्यापर्यंत गेलो. चाचा मागे बसले होते. पंपावर पाच लिटर पेट्रोल घेतलं आणि दोनशे मिली ऑइल त्यांनी स्वतः मोजून ओतलं. कॅरिअर जागेवर होतं.