चर्मोद्योगातील सांडपाण्याचे शुद्धीकरण

कातडी कमावताना बाहेर पडणाऱ्या पाण्यात मीठ, चुना, सल्फाइड, केस, चरबी आणि क्रोमियम असते. एक टन कच्च्या कातड्यामागे साधारण ३० ते ४० घनमीटर पाणी खर्ची पडते.

कमावण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांतून येणारे या पाण्याचे प्रवाह वेगळे ठेवणे ही पहिली पायरी. चुन्याच्या पाण्यात मँगनीजचे क्षार घालून हवा सोडली की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते. क्रोमच्या पाण्यात अल्कली मिसळल्यावर क्रोमियमचा साका बसतो. तो सल्फ्युरिक आम्लात विरघळवून पुन्हा वापरता येतो. उरलेले सेंद्रिय द्रव्य जिवाणू फस्त करतात.

मीठ मात्र तसेच राहते.

तमिळनाडूतील पालार खोऱ्यात चर्मोद्योगाच्या सांडपाण्याने विहिरी आणि शेती नासली. १९९६ मध्ये याच प्रदूषणाविषयीच्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, असा निवाडा दिला. पुढे तेथील सामाईक प्रक्रिया केंद्रांत रिव्हर्स ऑस्मोसिस आणि बाष्पीभवन यांच्या साहाय्याने पाणी व मीठ वेगळे केले जाऊ लागले.