दहा पौंडांचं ऊन

जुलै लागला की आमची मोटरसायकल ताडपत्रीखाली जाते. म्हणजे ऑफिसला नेतो, पण तो झाला प्रवास, त्याला रायडिंग म्हणत नाहीत. पहिल्या पावसात ताम्हिणीला जायला मजा येते, नाही असं नाही. पण चौथ्या विकांतापर्यंत बूट वाळलेले नसतात, हेल्मेटच्या आत कुबट वास येतो, आणि रस्त्यात खड्डा आहे की डबकं हे चाक आत गेल्यावरच कळतं. मग वाटतं, जाऊदे, भजी खाऊ.

आपल्याकडे हे चार महिने. ब्रिटनच्या बाइकवाल्यांनी हेच थोड्याफार फरकाने बाराही महिने सोसलं. तरीसुद्धा जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या मोटरसायकली तिथेच बनल्या. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए (होय, आपल्याकडे सायकलींवर दिसतं तेच नाव), व्हिन्सेंट, रॉयल एनफील्ड. हे म्हणजे पोहायचा पोशाख लडाखात शिवण्यासारखं झालं. पण शिवला, आणि उत्तम शिवला.

मात्र यातले काही बाइकवाले शेवटी कंटाळले आणि उन्हाच्या देशात निघून गेले. गेले काही आठवडे मी त्यांच्याबद्दलच वाचतोय. का वाचतोय ते शेवटी सांगतो.

दुसरं महायुद्ध ब्रिटनने जिंकलं खरं, पण घरी आल्यावर हातात काय आलं? १९४७ चा हिवाळा इतका भयानक होता की कोळसा पोचेना, वीज तासनतास जायची. पेट्रोलचं रेशनिंग मे १९५० पर्यंत चाललं आणि अन्नाचं तर १९५४ पर्यंत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर धुराचं ते कुप्रसिद्ध धुकं उतरलं आणि हजारो माणसं गेली. मोटरसायकल हे तेव्हा तिथल्या कामगाराचं वाहन होतं, हौस वगैरे नव्हे. गाडी परवडत नाही म्हणून बाइक, आणि लग्न झालं की तिला साइडकार. बायको-मुलं त्या डब्यात, नवरा बाहेर पावसात. मेण लावलेल्या कापडाची जाकिटं, जी आज फॅशन म्हणून महागात विकली जातात, ती याच गरजेतून आली. बार्बर कंपनीचा 'इंटरनॅशनल' सूट १९३६ चा आहे. त्यामागे स्टाइल नव्हती, अंग कोरडं ठेवणं एवढाच हेतू होता.

तिकडे दक्षिणेत ऑस्ट्रेलियाची अडचण बरोब्बर उलटी होती. खंडाएवढा देश आणि माणसं जेमतेम ७५ लाख. युद्धात जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकल्यावर सरकार हादरलं होतं. १९४५ मध्ये आर्थर कॅलवेल हे देशाचे पहिले इमिग्रेशन मंत्री झाले आणि लोकसंख्या वाढवा नाहीतर संपा, असं धोरण ठरलं. त्यातून निघाली सुप्रसिद्ध योजना. प्रौढ ब्रिटिश माणसाने फक्त १० पौंड भरायचे, मुलं फुकट, बाकीचं भाडं सरकार देणार. ऑक्टोबर १९४७ मध्ये 'ऑर्मोंड' जहाज टिलबरीहून निघालं. १९७२ पर्यंत दहा लाखांवर ब्रिटिश माणसं या योजनांमधून गेली. ऑस्ट्रेलियन लोक त्यांना 'टेन पाउंड पॉम' म्हणत. त्यात थोडं प्रेम होतं, थोडा टोमणा.

आता प्रत्येक योजनेत बारीक अक्षरं असतात, तशी यातही होती. किमान दोन वर्षं राहायचं. त्याआधी परतायचं असेल तर सरकारने भरलेलं भाडं परत करा, वर परतीचं तिकीट स्वतःच्या पैशाने काढा. आमच्या कंपनीतल्या बाँडसारखंच की हे :) फक्त मध्ये अर्धी पृथ्वी होती.

लोक गेले कशासाठी? नोकरी, घर, मुलांचं भविष्य ही कारणं होतीच. पण जाहिरातींमध्ये सगळ्यात पुढे काय होतं तर ऊन. आकडे बघा. लंडनला वर्षाकाठी साधारण १,६०० तास ऊन मिळतं, पर्थला ३,००० हून जास्त. १९५६ मध्ये सुएझचा घोळ झाला आणि ब्रिटनमध्ये काही महिने पेट्रोल पुन्हा रेशनवर आलं. कल्पना करा, कशीबशी घेतलेली बाइक दारात उभी आहे आणि टाकी कुपनांवर चाललीय. ऑस्ट्रेलियाने नेमकी १९५७ मध्येच 'ब्रिंग आउट अ ब्रिटन' नावाची मोहीम काढली. तिथलं पेट्रोलचं रेशनिंग फेब्रुवारी १९५० मध्येच संपलं होतं. तेसुद्धा कसं, तर १९४९ च्या निवडणुकीत तो मोठा मुद्दा झाला होता म्हणून. पेट्रोल हा मतदानाचा विषय असलेला देश बाइकवाल्याला आवडणारच!

आणि रस्ते. ब्रिटनचं नैऋत्य टोक ते ईशान्य टोक, लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स, रस्त्याने साधारण १,४०० किलोमीटर. ऑस्ट्रेलियातला एकटा आयर हायवे, नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा, १,६०० च्या वर. म्हणजे अख्खा ब्रिटन एका रस्त्यात मावून वर उरतो. त्यातला १४६ किलोमीटरचा एक तुकडा असा आहे की तिथे एकही वळण नाही. आपण घाटवाले, आपल्याला हे ऐकूनच झोप येईल. पण बर्मिंगहॅमच्या गल्लीत धुक्यातून चाचपडत कामावर जाणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल! अर्थात हा हायवे पूर्ण डांबरी झाला १९७६ मध्ये. त्याआधी मध्ये मध्ये धूळ, खडी आणि पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा रस्ता. ओल्या देशासाठी बनवलेल्या यंत्रांची तिथे परीक्षाच असे. मग कंपन्याही शिकल्या. बीएसएने १९६० च्या दशकात आपल्या छोट्या बँटमची 'बुशमन' आवृत्ती काढली. उंच सायलेन्सर, जमिनीपासून जास्त अंतर, खास अशा देशांतल्या कच्च्या रस्त्यांसाठी.

बाइकच्या बाबतीत ही वाहतूक एकतर्फी नव्हती बरं का. धुळीच्या गोल मैदानावर बिनब्रेकच्या बाइक घसरवत पळवायचा जो 'स्पीडवे' नावाचा खेळ आहे, त्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी १९२३ ची, न्यू साउथ वेल्समधल्या मेटलंडची सांगतात. १९२८ मध्ये तो ब्रिटनला पोचला आणि तिथे तुफान चालला. आणि फिल अर्व्हिंग! हा मेलबर्नचा इंजिनिअर १९३० च्या सुमारास उलट्या दिशेने, कामाच्या शोधात ब्रिटनला गेला. ज्या व्हिन्सेंट रॅपिडचं नाव जुन्या बाइकवाल्यांच्या तोंडी आजही आदराने येतं, तिचं १९३६ चं व्ही-ट्विन इंजिन यानेच मांडलं. पुढे १९४९ मध्ये स्वारी ऑस्ट्रेलियाला परतली. १९६६ मध्ये जॅक ब्रॅबम ज्या इंजिनावर फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, तेही अर्व्हिंगनेच रेखलेलं. ऊन सोडून पावसात जायलाही कारण असतं, ते म्हणजे मनासारखं काम.

तर ऊन मिळालं, रस्ते मिळाले. पण विकांत दोनच दिवसांचा (तेव्हाही). बाकीच्या पाच दिवसांचं काय? जहाजातून उतरल्यावर अनेकांची रवानगी सरकारी होस्टेलात व्हायची. अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट, सामाईक संडास, सामाईक जेवणघर, आणि चाळीस अंशांत तापलेला तो पत्रा. ज्या उन्हासाठी आलो तेच डोक्यावर. तक्रार केली की स्थानिक लोक 'रडके पॉम' म्हणून चिडवायचे. साधारण चौथाई लोक परत गेले. जेम्स हॅमर्टन आणि अलिस्टर थॉमसन या इतिहासकारांनी अशा शेकडो माणसांच्या पत्रांवर आणि मुलाखतींवर २००५ मध्ये पुस्तक लिहिलं. परतण्याची कारणं वाचली तर घरची ओढ, आजारी आईवडील, एकटेपणा हेच पुन्हा पुन्हा येतं. गंमत म्हणजे परत गेलेल्यांपैकीही बरेचजण ब्रिटनचं ढगाळ आभाळ बघून पुन्हा ऑस्ट्रेलियाला आले. रोलबॅक केला आणि मग परत डिप्लॉय. त्यांना 'बूमरँग पॉम' असं नाव पडलं.

काहींचं सोनंही झालं. वेल्समधल्या बॅरी गावात एका लहान मुलीला छातीचा आजार होता. उबदार हवेत न्या, असं सांगितलं गेलं, म्हणून १९६६ मध्ये कुटुंब ॲडलेडला आलं. ती मुलगी, ज्युलिया गिलार्ड, २०१० मध्ये देशाची पंतप्रधान झाली. पण उन्हाने आपलं बिलही नंतर पाठवलं. गोऱ्या कातडीला ते झेपत नाही. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण ऑस्ट्रेलियात जगात सर्वाधिक असणाऱ्यांत आहे. १९८१ मध्ये सरळ टीव्हीवर शिकवावं लागलं की शर्ट घाला, क्रीम लावा, टोपी घाला. (टोपीवरून आठवलं, मोटरसायकलवर हेल्मेटची सक्ती करणारं जगातलं पहिलं राज्य म्हणजे व्हिक्टोरिया, १९६१ मध्ये. पुणेकरांनी इथे हळूच डोळे मिटून घ्यावेत.)

आता जे मला खरं टोचलं ते. हे दहा पौंडांचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. 'व्हाइट ऑस्ट्रेलिया' धोरण १९०१ पासून होतं. नको असलेल्या माणसाची अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन परीक्षा घेऊ शकत, म्हणजे नापास करायचं आधीच ठरलेलं. ही परीक्षा १९५८ मध्ये गेली, पण रंगावरून माणूस निवडण्याचे शेवटचे नियम निघायला १९७३ उजाडलं. ही जहाजं सुएझमधून येऊन आपल्या शेजारी कोलंबोला थांबत. तिथून पुढे त्याच जहाजाने त्याच भावात जायची सोय तिथल्या माणसाला किंवा आपल्याला नव्हती.

आणि याच काळात, १९५५ मध्ये, रॉयल एनफील्डची बुलेट रेडिचहून मद्रासला आली. आधी सुटे भाग जोडायचे, मग हळूहळू सगळीच इथे बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, बुलेट मात्र इथल्या उन्हात नांदतेय. म्हणजे बघा, ब्रिटनची मोटरसायकल कुणाचाही रंग न विचारता उबदार देशात येऊन स्थायिक झाली. मद्रासच्या ज्या कामगाराने ती जोडली त्याला मात्र ऑस्ट्रेलियाने दारात उभं केलं नसतं. चाकणला बजाजच्या कारखान्यात २०२३ पासून ट्रायम्फही बनतेय. यंत्रांचं स्थलांतर सोपं असतं. त्यांना आईवडील नसतात.

हे सगळं का वाचलं? माझ्या कपाटात ऑस्ट्रेलियाच्या पीआरच्या कागदांची फाइल दोन वर्षं पडून आहे. मेलबर्नचा मित्र दर रविवारी समुद्राकाठच्या ग्रेट ओशन रोडचे फोटो पाठवतो. बाइक, निळं पाणी, रिकामा रस्ता. खाली एकच ओळ, "कधी येतोस?" तिथे आता रंग विचारत नाहीत, गुण मोजतात. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव. २०२१ च्या जनगणनेत परदेशी जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल भारताचाच नंबर होता. माझे गुण भरतात. मी मोजलेत.

पण त्या चौथाई लोकांचं वाचल्यावर एक गोष्ट कळली. रस्ता आवडला नाही म्हणून परतलेला मला तरी त्यात कुणी सापडला नाही. जाहिरातीतलं ऊन खरंच होतं, रस्तेही खरेच होते. प्रश्न सोमवार ते शुक्रवारचा होता, आणि मागे राहिलेल्यांचा. त्यामुळे मित्राला परवा रस्त्यांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, की बुधवारी संध्याकाळी तू काय करतोस? आणि आई आजारी पडली तर किती तासांत घरी पोचतोस?

त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग फोनच आला. तासभर बोललो, मोटरसायकलचा विषय निघालाही नाही. फाइल अजून कपाटातच आहे, पण आता ती नीट वाचायला बाहेर काढणार आहे. बाइक मात्र सप्टेंबरपर्यंत ताडपत्रीखालीच.

चूभूद्याघ्या.