वेल्सपासून परळपर्यंत

आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुणाच्या अंगात गाठ सापडली, की घरात आवाज खाली येतो आणि एकच शब्द ऐकू येतो, ‘टाटा’. मग नाशिक रोडला पहाटे पंचवटी एक्स्प्रेस गाठायची, दादरला उतरायचे आणि फाइल छातीशी धरून परळ विचारत निघायचे. २०११ साली मीही आपाला घेऊन असाच गेलो होतो. चार तासांचा प्रवास, पण आपाला तो परदेशच वाटला.

गंमत अशी, की परळच्या या रुग्णालयाचे मूळ खरोखरच्या परदेशात आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्या मिश्र दुहेरीत उतरल्या होत्या. पुढे त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. पैशाची ददात नव्हती. विलायतेला नेले, तिथे वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ठेवले. पण त्या काळी या दुखण्यावर जगात कुठेच इलाज नव्हता. जून १९३१ मध्ये मेहेरबाई तिथेच वारल्या. लंडनजवळच्या ब्रुकवुडला त्यांचे दफन झाले.

दोराबजींनी १९३२ मध्ये आपली जवळजवळ सगळी मालमत्ता विश्वस्त निधीला देऊन टाकली. त्यात मेहेरबाईंचा २४५ कॅरेटचा ज्युबिली हिराही होता. पोलाद कारखान्यावर संकट आले तेव्हा हाच हिरा बँकेत गहाण पडला होता. मग ते पत्नीच्या कबरीला भेट द्यायला युरोपात निघाले आणि वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेनला ३ जूनला त्यांचाही अंत झाला. आज दोघेही ब्रुकवुडलाच आहेत. कर्करोगाचे उपचार आपल्याकडे व्हावेत ही त्यांची इच्छा विश्वस्तांनी पुरी केली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, महायुद्ध चालू असताना, टाटा मेमोरियलचे दार उघडले. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे गेले. अणुऊर्जेचा आणि दवाखान्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. किरणोपचार हे उत्तर आहेच. शिवाय त्या खात्याचे प्रमुख होमी भाभा, आणि मेहेरबाई त्यांच्या सख्ख्या आत्या!

आत्याला उपचारांसाठी समुद्र ओलांडावा लागला. आता सीमा ओलांडून लोक परळला येतात. वैद्यकीय व्हिसा घेऊन रुग्ण येतो, सोबत दोन नातेवाइकांना येता येते. कागदावर इतके सोपे. पण खोली कुठे घ्यायची, डॉक्टर काय म्हणाले ते कुणाला विचारायचे, तपासणी लांबली आणि व्हिसाची मुदत संपत आली तर काय करायचे, हे त्या शिक्क्यात लिहिलेले नसते. मेहेरबाईंना निदान विलायतेची भाषा येत होती.

आपाच्या शेजारच्या बाकावर बांगलादेशातले एक जोडपे होते. माझी दाढी पाहून रांगेतल्या एका गृहस्थांनी मला दुभाषा नेमून टाकले. मुसलमानांची भाषा एकच असते, असा त्यांचा समज असावा! मला उर्दू येते, बांगला ओ की ठो कळत नाही. नवऱ्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्ट होते. डॉक्टरांना सांगायला नेमके काय दुखते, हे मला विचारायचे होते. खाणाखुणा झाल्या. शेवटी त्या बाईंनी पोटावर हात ठेवला आणि एक शब्द उच्चारला. दोनतीनदा ऐकल्यावर उमगले, तो ‘व्यथा’ होता.

आम्ही मराठी कवींनी हा शब्द मनासाठी राखून ठेवला आहे. मीही तो कितीदा वापरला असेन. पोट दुखताना कुणी तो उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

एका चिठ्ठीवर मी मराठीत लिहून दिले, ‘पोटात उजवीकडे दुखते, रात्री जास्त.’ रात्र दाखवायला त्यांनी डोळे मिटून गालाखाली हात घेतला होता. त्यांचा नंबर पुकारला गेला. चिठ्ठी पासपोर्टमध्ये घालून ते दोघे आत गेले. संध्याकाळच्या पंचवटीला अजून वेळ होता; आपा म्हणाली, ‘थांब रे, त्या बाहेर येऊ देत.’