परिचारिका, पडदा आणि शोषण

'एक्स्प्लॉयटेशन' म्हटले की आपल्या मनात 'शोषण' हाच शब्द येतो. हॉलिवूडच्या बाजारात मात्र त्याचा अर्थ सरळ धंद्याचा. लोकांना चाळवील असा विषय घ्यायचा, थोड्या पैशांत चित्रपट उरकायचा, गल्ला भरायचा. १९७० साली रॉजर कॉर्मनने न्यू वर्ल्ड पिक्चर्स ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी 'द स्टुडंट नर्सेस' पडद्यावर आणला. १९७४ पर्यंत असे आणखी चार परिचारिकापट निघाले. असल्या चित्रपटांना नाक मुरडणारे आपल्याकडेही पुष्कळ. घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला ते सोवळे परवडत नाही. आमचा इतिहास पुष्कळदा हलक्या ठरवलेल्या कागदांतच सापडतो.

दिग्दर्शिका स्टेफनी रोथमन समाजशास्त्र शिकलेली. नग्नता हवी ही कॉर्मनची अट. ती पाळली की बाकी मोकळीक. त्या मोकळ्या जागेत तिने काय भरले ते पाहा. एका विद्यार्थिनीला गर्भपात हवा असतो. कॅलिफोर्नियाच्या १९६७ च्या कायद्याप्रमाणे रुग्णालयाच्या समितीचा होकार लागे. तो मिळत नाही. मग सारे घरातच, चोरून उरकावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क १९७३ मध्ये मान्य केला आणि २०२२ मध्ये काढून घेतला. दुसरी विद्यार्थिनी मेक्सिकन वंशाच्या गरिबांत काम करते, चिकानो कार्यकर्त्याच्या बाजूने उभी राहते.

'प्रायव्हेट ड्यूटी नर्सेस' (१९७१) मध्ये काळी परिचारिका रुग्णालयातल्या वर्णभेदाशी झगडते. 'नाइट कॉल नर्सेस' (१९७२) मध्ये काळ्या लढाऊ कैद्याला रुग्णालयातून पळायला काळी परिचारिकाच मदत करते. त्याच वर्षी मुंबईत, ब्लॅक पँथरच्या नावावरून नाव घेऊन, दलित पँथर उभी राहिली.

तरीही या चित्रपटांना मी विद्रोही म्हणणार नाही. काळ्या स्त्रीला तोंड मिळाले, पण तिकीट खपले ते तिच्या आणि तिच्या गोऱ्या मैत्रिणींच्या देहावर. आणि परिचारिकेचे खरे काम? जखमा धुणे, बेडपॅन उचलणे, रात्रपाळी, पगार? त्याकडे कॅमेरा फारसा वळला नाही. दुसऱ्याची घाण काढणाऱ्या हातांची किंमत काय असते, हे ज्यांच्या घरी ठाऊक आहे त्यांना ही उणीव लगेच दिसेल.

'नाइट कॉल नर्सेस'पासून दिग्दर्शक झालेला जोनाथन कॅप्लन पुढे मोठ्या हॉलिवूडमध्ये गेला. बलात्कारावरचा त्याचा 'द अक्यूज्ड' १९८८ साली आला आणि नायिका जोडी फॉस्टरला ऑस्कर मिळाले. रोथमनने दिग्दर्शित केलेला शेवटचा चित्रपट १९७४ चा.