मालगाडीच्या उघड्या दारातला माणूस

धावत्या मालगाडीची रिकामी वाघीण, तिचे सताड उघडे दार, दारात पाय खाली सोडून बसलेला एक तरुण आणि मागे सरकत जाणारी गव्हाची शेते. अमेरिकन जाहिरातींना हे चित्र नवे नाही. विकायची वस्तू जीन्स असो, बूट असो वा आणखी काही, चित्राचा अर्थ ठरलेला असतो : हा माणूस कोणाचाही बांधील नाही. अशा चित्रांवर रेल्वे-सुरक्षेच्या बाजूने आक्षेप घेतले जातात. १९७२ साली आयडाहो राज्यात सुरू झालेली 'ऑपरेशन लाइफसेव्हर' ही मोहीम रुळांवर रेंगाळणाऱ्या माणसांची चित्रे काढू नका, असे छायाचित्रकारांना बजावत आली आहे. आक्षेप रास्तच आहे. परंतु 'हे धोकादायक आहे' एवढे म्हणून साहित्याच्या अभ्यासकांचे काम संपत नाही. जाहिरातीने हे चित्र उचलले कोठून, आणि उचलताना त्यातून काय गाळले, हे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रथम हा माणूस कोण, ते पाहू. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. १० मे १८६९ रोजी यूटामधील प्रोमोंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ एकमेकांस जोडले गेले. १८७३ मध्ये आर्थिक अरिष्ट कोसळले. युद्धातून मोकळे झालेले सैनिक, बंद पडलेल्या कारखान्यांतले कामगार आणि नव्याने अंथरलेले हजारो मैलांचे रूळ, या तिहींच्या संयोगातून मालगाडीने फुकट प्रवास करणारा मजूर जन्माला आला. १८९०च्या सुमारास त्याला 'हॉबो' हे नाव मिळाले. हॉबोंच्या स्वतःच्या परिभाषेत हा शब्द सन्मानाचा होता : कामासाठी भटकतो तो हॉबो, काम न करता भटकतो तो ट्रॅम्प.

हे 'कामासाठी' फार महत्त्वाचे आहे. ओक्लाहोमा-कॅन्ससमध्ये जून महिन्यात गहू कापणीला येई आणि पीक पिकत जाईल तसतशी कापणी उत्तरेकडे, डाकोटांपर्यंत सरकत जाई. मजुरालाही तिच्याबरोबर सरकावे लागे. मजुरीतून तिकिटाचे पैसे गेले तर हाती काय उरणार? शेतकऱ्याला मजूर हवा असे आणि रेल्वेला त्याच शेतातला गहू वाहून न्यायचा असे. त्यामुळे हंगामात पुष्कळदा डोळेझाक होई. हंगाम सरला की तोच मजूर कोणत्याही गावात 'भटका' या आरोपाखाली तुरुंगात पडे. १९१५ साली आय. डब्ल्यू. डब्ल्यू. या कामगार संघटनेने शेतमजुरांची वेगळी शाखा उभारली, तेव्हा तिचे तांबडे सभासदपत्र गव्हाच्या पट्ट्यात तिकिटासारखे चालू लागले. गाडीवरचे ब्रेकमन ते पाहून माणसाला बसू देत. कोणाचाही बांधील नसलेला हा गडी असा पिकाच्या वेळापत्रकाला बांधलेला होता आणि त्याच्या खिशात युनियनचे कार्ड होते. जाहिरातीतल्या जीन्सच्या खिशातून असे कार्ड डोकावताना आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

उघडे दार मिळणे हेदेखील सुदैवच म्हणायचे. वाघिणी बंद असल्या की दोन डब्यांच्या मध्ये, टपावर किंवा डब्याखाली जागा शोधावी लागे. जुन्या डब्यांच्या तळाशी मजबुतीसाठी लोखंडी सळया असत. त्यांच्यावर अंग टाकून, जमिनीपासून हातभर अंतरावर माणसे प्रवास करीत. अशा माणसाला हुसकावण्याची एक रीत जॅक लंडनने 'द रोड' (१९०७) या पुस्तकात नोंदवली आहे. ब्रेकमन डब्यांची जोडणी करण्याची जड लोखंडी खीळ लांब दोरीला बांधतो आणि चालत्या गाडीतून डब्याखाली सोडतो. खीळ लाकडी स्लीपरांवर आपटते, उसळून डब्याच्या तळावर आदळते, पुन्हा खाली जाते. दोरी कमी-जास्त सैल सोडून ब्रेकमन तिला डब्याखाली पुढेमागे फिरवतो. आत दडलेल्या माणसाचे काय होत असेल, ते वाचकाने कल्पावे. स्वतः लंडनला १८९४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, नायगारा धबधब्याच्या गावी भटकेपणासाठी पकडले आणि तीस दिवस तुरुंगात टाकले.

१९०१ ते १९०५ या पाच वर्षांत अमेरिकन रेल्वेमार्गांवर सुमारे २४ हजार 'अनधिकृत' माणसे ठार झाली आणि जवळजवळ तितकीच जखमी झाली. यांत रुळांवरून चालणारेही होते, सगळे हॉबो नव्हते. तरीही आकडा लहान होत नाही.

आता खरी गुंतागुंत. या प्रवासाचे रम्य चित्र जाहिरातदारांनी प्रथम रंगवले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. ते हॉबोंनीच रंगवले. लिऑन रे लिव्हिंग्स्टन हा गृहस्थ 'ए-नंबर-वन' या नावाने देशभर प्रसिद्ध होता. १९१० पासून त्याने आपल्या भटकंतीवर स्वस्त पुस्तकांची मालिकाच स्वतः प्रसिद्ध केली. आपण पाच लाख मैलांचा प्रवास अवघ्या ७ डॉलर ६१ सेंटमध्ये केला, असा त्याचा दावा त्या पुस्तकांवर मिरवत असे. 'सात डॉलर' नव्हे, 'सात डॉलर एकसष्ट सेंट'! त्या एकसष्ट सेंटांत जाहिरातीची सगळी विद्या आहे. आकडा इतका काटेकोर की खोटे वाटू नये. पण त्याच पुस्तकांत आरंभीच तरुण मुलांना उद्देशून एक इशाराही असे : चालत्या गाडीवर कधीही उडी मारू नका, नुसती पुढच्या चौकापर्यंत जायचे असले तरी नको, हे जीवन दयनीय आणि धोक्याचे आहे. हा दांभिकपणा झाला, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला मात्र त्यात वेगळेच काही दिसते. मोह आणि इशारा तेथे एकाच बांधणीत आहेत, आणि वाचकाला एक घेऊन दुसरे दुकानात ठेवून येता येत नाही.

या संदर्भात आयोवातील ब्रिट या छोट्या गावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गावाचे नाव वर्तमानपत्रांत यावे, म्हणून तेथील प्रतिष्ठितांनी १९०० साली हॉबोंना आपले अधिवेशन गावात भरवण्याचे निमंत्रण दिले. एरवी जे पोलिसाच्या हवाली व्हायचे, त्यांना या गावाने पाहुणे केले. पुढे १९३३ पासून हे अधिवेशन पुन्हा सुरू झाले आणि त्यात हॉबोंचा राजा व राणी निवडण्याची प्रथा रुजली. भटक्याच्या प्रसिद्धीमूल्याचा शोध काही विसाव्या शतकाच्या अखेरीस लागलेला नाही.

आणि डेव्हिस? डब्ल्यू. एच. डेव्हिस यांची 'लेझर' ही छोटी कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत इंग्रजीच्या तासाला वाचली आहे. थांबून पाहायला सवड नसेल तर जगण्याला काय अर्थ, असा तिचा आशय. या कवीचा एक पाय लाकडी होता, हे बहुधा वर्गात सांगितले जात नाही. वेल्समधून अमेरिकेला गेलेला हा तरुण काही वर्षे मालगाड्यांवरून भटकला. १८९९च्या मार्चमध्ये, सोन्याच्या शोधात क्लोंडाइककडे निघाला असता, कॅनडातील रेनफ्रू येथे गाडीवर चढताना त्याचा पाय चाकाखाली गेला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. त्याच्याआधी चढणारा सोबती पायरीवर क्षणभर घुटमळला. तेवढ्यात गाडीने वेग घेतला. इतकेच कारण. 'द ऑटोबायोग्राफी ऑफ अ सुपर-ट्रॅम्प' हे त्याचे आत्मकथन १९०८ साली बर्नार्ड शॉच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. त्यात भटकंतीची गोडी आहे, भीक मागण्याच्या युक्त्या आहेत आणि हा अपघातही आहे. तोही कोणतीही हाय न खाता, जवळजवळ कोरड्या शब्दांत सांगितलेला. 'लेझर' १९११च्या संग्रहात आली. पुढे ब्रिटनमध्ये सुट्टीच्या जाहिरातींनी तिच्या ओळी वापरल्या. सवड तेवढी विकली गेली. ती सवड ज्या आयुष्यातून शिकली गेली, ते रेनफ्रूला राहिले.

मंदीच्या दशकात तर चित्राची चौकटच मोडते. मिसूरी पॅसिफिक या एका रेल्वे कंपनीने आपल्या गाड्यांवर १९२९ मध्ये १३,७४५ फुकट्या प्रवाशांची नोंद केली होती. १९३१ मध्ये ती संख्या १,८६,०२८ झाली. दोन वर्षांत एवढ्या माणसांना स्वातंत्र्याची हौस आली, असे कोण म्हणेल? त्याच १९३१च्या २५ मार्च रोजी टेनेसीतील चॅटनूगाहून निघालेल्या मालगाडीत गोऱ्या आणि काळ्या पोरांची मारामारी झाली. अलाबामातील पेंट रॉक येथे गाडी अडवून नऊ काळ्या मुलांना उतरवण्यात आले. सर्वांत मोठा एकोणीस वर्षांचा, सर्वांत धाकटा बारा-तेराचा. त्याच गाडीतून जाणाऱ्या दोन गोऱ्या तरुणींनी बलात्काराचा आरोप केला. त्यांपैकी एकीने पुढे तो न्यायालयात मागे घेतला. पण त्याआधीच, दोन-अडीच आठवड्यांत, आठ मुलांना मृत्युदंड ठोठावला गेला होता. तो अमलात आला नाही. मात्र तुरुंगातील वर्षे कोणी परत केली नाहीत, आणि राहिलेल्या तिघांना अलाबामा राज्याने मरणोत्तर माफी दिली ती २०१३ मध्ये. मालगाडी तीच, वारा तोच. दारात बसलेल्या माणसाच्या कातडीचा रंग बदलला की चित्राचा अर्थ केवढा बदलतो! जाहिरातीचे 'स्वातंत्र्य' मुळात सगळ्यांना दिलेले नव्हते, हे स्कॉट्सबरो खटल्याइतके स्पष्ट क्वचितच कशातून दिसत असेल.

युद्धानंतर मोटारी वाढल्या, शेतीत यंत्रे आली आणि हंगामी मजुरांचा हा लोंढा आटला. मालगाडीवरचा माणूस रुळांवरून उतरून पुस्तकात जाऊन बसला. जॅक केरुआकच्या 'द धर्म बम्स' (१९५८) या कादंबरीचा आरंभच लॉस एंजलिसहून निघालेल्या मालगाडीवर होतो. त्या उघड्या वाघिणीत निवेदकाला एक किरकोळ अंगाचा म्हातारा भटका भेटतो. संत तेरेसाची प्रार्थना लिहिलेली चिठ्ठी तो जवळ बाळगतो. साठोत्तरी मराठी लघुनियतकालिकांच्या पिढीला या बीट लेखकांनी भुरळ घातली, हे वाचकांस ठाऊकच आहे. केरुआकने स्वतः सदर्न पॅसिफिक रेल्वेवर ब्रेकमनची नोकरी केली होती. त्यामुळे त्याच्या रम्यतेलाही ग्रीसचा वास आहे. १९६९ मध्ये तो वारला. १९९३ साली गॅप या कपड्यांच्या कंपनीने त्याचे एक जुने छायाचित्र जाहिरातीत वापरले : केरुआकसुद्धा खाकी पँट घालीत असे. मूळ छायाचित्रात त्याच्या मागे जॉइस जॉन्सन उभी आहे. ती त्या काळची त्याची मैत्रीण, पुढे स्वतंत्र प्रतिष्ठेची लेखिका. 'मायनर कॅरेक्टर्स' हे तिचे १९८३चे स्मृतिकथन प्रसिद्ध आहे. जाहिरातीत ती नाही. तिला पुसून टाकण्यात आले. एकाकी, मुक्त पुरुषाच्या शेजारी वाट पाहणारी बाई शोभली नसती. (चॅप्लिनचा भटक्याही सुटला नाही. १९८१ पासून त्याच्या टोपी-काठीनिशी आय. बी. एम.ने घरगुती संगणक विकले. आणि भटक्याच्या गाठोड्याची आठवण देणाऱ्या बायकांच्या 'हॉबो बॅगा' तर आज आपल्या मॉलमध्येही टांगलेल्या असतात.)

येथे कोणी विचारील : साहित्याला जे माफ, ते जाहिरातीला का नाही? लंडन, डेव्हिस, केरुआक यांनी विकले ते काय वेगळे? प्रश्न बिनतोड नाही, पण टाळण्याजोगाही नाही. साहित्यही विकले जाते आणि मोहही घालते. पण डेव्हिसचे पुस्तक वाचणाऱ्याला रेनफ्रूवरूनच पुढे जावे लागते. जाहिरातीला तेवढा अवकाश नसतो, आणि असता तरी परवडला नसता. पाय तुटलेला माणूस बूट विकू शकत नाही. म्हणून मालगाडीवरच्या प्रवासाला जाहिरातीने रम्य करू नये, असेच आमचे मत आहे. यासाठी कायद्याची बंदी आम्ही मागत नाही. मागणे आहे ते वाचकाकडे, आणि शिक्षक म्हणून आमच्याकडेही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचल्यानंतर मराठी वाचकाला 'भटकणे' हा शब्द पूर्वीसारखा निष्पाप राहिलेला नाही. ज्याला गावात थारा नाही त्याची वाट आणि ज्याला घराचा कंटाळा आला त्याची वाट या एक नव्हेत, एवढे तरी आपण वर्गात या आत्मकथनांतून शिकलो. तीच नजर परदेशी चित्राकडे पाहताना मिटून घेण्याचे कारण नाही.

कारण मालगाडीवरचा माणूस इतिहासजमा झालेला नाही. मेक्सिकोच्या दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या मालगाड्यांना लोक 'ला बेस्तिया', म्हणजे श्वापद, म्हणतात. होंडुरास, ग्वातेमाला, एल साल्वादोर येथून अमेरिकेच्या सीमेकडे निघालेली माणसे वर्षानुवर्षे त्यांच्या टपांवरून गेली आहेत. सोनिया नाझारिओ यांचे 'एनरिकेज् जर्नी' (२००६) हे पुस्तक आईच्या शोधात निघालेल्या अशाच एका मुलाचे आहे. चाकांखाली हातपाय गेलेल्यांसाठी तापाचुला येथे एक आश्रयस्थान चालते. २०२३च्या सप्टेंबरमध्ये अपघात वाढले, तेव्हा फेरोमेक्स या रेल्वे कंपनीने साठ गाड्या थांबवून ठेवल्या होत्या.

वेराक्रूझ राज्यातील अमातलान दे लोस रेयेस येथे रुळांजवळच्या वस्तीत काही बायका राहतात. त्यांना 'लास पात्रोनास' म्हणतात. १९९५ पासून त्या भात आणि घेवड्याच्या उसळीच्या पिशव्या घेऊन रुळांलगत उभ्या राहत आल्या आहेत. गाडी त्यांच्यासाठी थांबत नाही. पाण्याच्या बाटल्या त्या दोन-दोन करून एका दोरीने बांधतात, म्हणजे धावत्या गाडीवरून हात पुढे करणाऱ्याला निदान दोरी तरी पकडता येते.