शस्त्रमुभा, न्यायालयीन (टेक्सस)

अमेरिकेतील टेक्सस राज्यात न्यायाधीश, सरकारी वकील आणि ठरावीक न्यायालयीन कर्मचाऱ्यांना कोर्टात पिस्तूल बाळगण्यासाठी असलेली कायदेशीर सवलत. राज्याच्या दंडसंहितेतील कलम ४६.०३ नुसार कोर्टात किंवा कोर्ट वापरत असलेल्या कार्यालयांत शस्त्र नेणे हा गुन्हा असून त्याला २ ते १० वर्षांची कैद होऊ शकते. ही मनाई कोणाला लागू नाही, ते कलम ४६.१५ सांगते.

जिल्ह्याचा सरकारी वकील (तेथे तो निवडून येतो) आणि त्याचे सहायक यांना सूट मिळते, पण पिस्तुलाचा परवाना असेल तरच. बेलिफाची सूट याहून तोकडी आहे: न्यायाधीशाने त्याला नेमलेले हवे, परवाना हवा आणि त्या वेळी तो न्यायाधीशाच्या सोबतीला असायला हवा. कलम ४६.१५ च्या यादीत न बसणाऱ्याला कोर्टाच्या लेखी परवानगीवर किंवा लेखी नियमांवर अवलंबून राहावे लागते. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमधील बहुतेक प्रौढांना पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. कोर्टात सूट हवी असलेल्या सरकारी वकिलाला मात्र तो अजूनही काढावा लागतो. कायद्याची ही उलटी गंमत.

या सवलतीचा विषय निघाला की कॉफमन काउंटीचे नाव येतेच. तेथील सहायक सरकारी वकील मार्क हॅसी यांना ३१ जानेवारी २०१३ रोजी सकाळी कोर्टाकडे जाताना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे वरिष्ठ माइक मॅक्लेलंड हे निवृत्त सैनिक. आपण सगळीकडे पिस्तूल घेऊनच वावरतो, असे त्यांनी त्यानंतर पत्रकारांना सांगितले होते. ३० मार्चला त्यांची आणि त्यांच्या पत्नीची राहत्या घरात हत्या झाली. मारेकरी एरिक विल्यम्स हा त्याच काउंटीतला माजी न्यायदंडाधिकारी होता. सरकारी संगणकांचे मॉनिटर चोरल्याबद्दल हॅसी आणि मॅक्लेलंड यांनी त्याच्यावर खटला चालवला होता. त्यात त्याचे पद आणि वकिली दोन्ही गेली. डिसेंबर २०१४ मध्ये त्याला देहदंडाची शिक्षा सुनावण्यात आली.

दोन्ही हल्ले झाले ते मनाईच्या हद्दीबाहेर. कलम ४६.०३ इमारतीपुरते आहे. रस्ता, पदपथ आणि वाहनतळ त्यात येत नाहीत. २०१५ मध्ये ऑस्टिनच्या न्यायाधीश जूली कोसुरेक यांच्यावरही त्यांच्या घराबाहेरच गोळ्या झाडल्या गेल्या. त्या बचावल्या, आणि २०१७ मध्ये राज्याने त्यांच्या नावाने न्यायालयीन सुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला.