कुत्र्याची पालखी

गेल्या डिसेंबरात ताई, भावजी, त्यांची दोन मुलं आणि मी, अशी पाच माणसं आणि शेरू नावाचा एक कुत्रा पुण्याहून निघून कोरेगावजवळ आत्याच्या शेतावर चार दिवस राहायला गेलो. भाची नऊ वर्षांची, भाचा सहाचा. साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागलं की पाचेक किलोमीटरवर संगम माहुली येते. इथं वेण्णा कृष्णेला मिळते. देवळात कुत्र्याला नेता येत नाही, म्हणून बाकीचे विश्वेश्वराच्या दर्शनाला गेले आणि मी शेरूची साखळी धरून बाहेर थांबलो. त्याला फिरवता फिरवता एका चौथऱ्याशी आलो. चौथऱ्यावर दगडी कुत्रा. शाहू महाराजांच्या कुत्र्याची ही समाधी. लोक त्याला खंड्या म्हणतात.

हे शाहू म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी नव्हेत, तर संभाजीराजांचे पुत्र, साताऱ्याच्या गादीचे पहिले शाहू. गोष्ट थोडक्यात अशी, की शिकारीत वाघ महाराजांवर आला आणि कुत्र्यामुळे त्यांचा जीव वाचला. महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला.

मुलं परत आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. भाचीनं लगेच विचारलं, "मामा, पालखी दिली, पण ती उचलायची कोणी?"

मी "भोई" म्हणालो आणि गाडीत बसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. रात्री शेतावर सगळे झोपल्यावर मी फोनवर ग्रँट डफ उघडून बसलो.

जेम्स ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे शाहूंच्या मृत्यूनंतर ७७ वर्षांनी. त्यात हा कुत्रा आहे, पण पराक्रमी म्हणून नव्हे. उतारवयात शाहूंच्या मनाचा तोल काही काळ गेला होता, हे सांगताना डफ लिहितो, की एकदा भर दरबारात दोन सरदारांची भेट घेताना महाराजांनी कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले आणि वर स्वतःची पगडी ठेवली. भानावर आल्यावर त्यांनी पुन्हा कधी डोक्यावर काही घातलं नाही. वाघाचा प्रसंग, जहागीर आणि पालखी त्यानंतर येतात, तेही राजाची लहर म्हणून. लोकांनी राजाचं मन राखलं आणि पालखीचा सरंजाम चालू ठेवला, असं तो म्हणतो.

म्हणजे माहुलीचा दगड सांगतो ती कृतज्ञता आणि डफ सांगतो ते वेड. दोघांकडे घटना तीच आहे.

मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात, कारण दोन्हींत पालखी म्हणजे काय हे सुटतं. पालखी ही त्या काळी नुसती बसायची सोय नव्हती. ज्याला राजानं मान दिला त्यानंच पालखीत बसायचं, आणि तिच्या खर्चासाठी नेमणूक मिळायची. जहागीर म्हणजे गावाच्या वसुलावरचा हक्क. वर्षानुवर्षं घोड्यावर काढलेल्या सरदाराला जे मिळायचं, तेच इथं कुत्र्याला मिळालं.

आणि ते देणाऱ्याच्या हातात दुसरं काय उरलं होतं? शाहूंनी १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली, १७२० साली बाजीरावांना, १७४० साली नानासाहेबांना. या तीस वर्षांत राज्य वाढलं, पण मोहिमा, तह आणि पैसा यांचा कारभार हळूहळू पुण्याकडे आणि मोठ्या सरदारांकडे गेला. साताऱ्यात उरला तो मान देण्याचा अधिकार: वस्त्रं, शिक्का, पदं, पालखी. ज्याच्याकडे फक्त मान देणं उरलंय अशा राजानं तो आपला जीव खरोखर वाचवणाऱ्याला दिला, यात मला वेडापेक्षा हिशेब जास्त दिसतो. समोर बसलेल्या दोन सरदारांना तो हिशेब कळला असेल का, हा प्रश्न उरतोच.

शाहूंच्या आयुष्यात जीव वाचणं ही साधी गोष्ट नव्हती. जन्म १६८२ चा. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते आई येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले. तेव्हा ते सात वर्षांचे, माझ्या भाच्यापेक्षा वर्षानं मोठे. बादशाही छावणी जाईल तिकडे कैदी जायचे. १६९९ च्या डिसेंबरात ती छावणी साताऱ्याच्या किल्ल्याखाली येऊन बसली आणि पुढच्या एप्रिलात किल्ला घेऊनच हलली. शाहू सुटले ते १७०७ मध्ये, औरंगजेब गेल्यावर. १७०८ च्या जानेवारीत त्याच साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. येसूबाईंना सुटायला १७१९ उजाडलं. शाहू गेले १५ डिसेंबर १७४९ रोजी. त्यांची समाधीही माहुलीलाच, संगमावर आहे.

दुसऱ्या दिवशी जेवायला वाघ्या घेवड्याची उसळ होती. कोरेगाव भागाचा हा घेवडा, अंगावर पट्टे, म्हणून वाघ्या. भाचा म्हणाला, "वाघ्या म्हणजे रायगडावरचा कुत्रा ना?" त्यावर भावजी आणि मी तासभर वाद घातला.

रायगडावरचा वाघ्या आज खंड्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांच्या चितेत त्यानं उडी घेतली, अशी कथा आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'राजसंन्यास' नाटकामुळे ती घरोघरी गेली. स्मारक १९३६ चं, इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून झालेलं. शिवकालीन कागदांत या कुत्र्याचा पुरावा नाही, असा आक्षेप घेत २०१२ च्या ऑगस्टमध्ये पुतळा उखडण्यात आला आणि मग पुन्हा बसवण्यात आला. भावजींचं म्हणणं, पुरावा नसेल तर पुतळा कशाला? माझं म्हणणं, तो पुतळा १६८० चा पुरावा नसला तरी १९३६ सालच्या लोकांना कसा कुत्रा हवा होता याचा पुरावा आहेच.

त्यांना हवा होता मालकासाठी मरणारा कुत्रा. खंड्याची गोष्ट उलटी आहे. तो मालकासाठी मेला नाही. त्यानं मालकाला वाचवलं, मग तो जगला, आणि मालकानं उपकार फेडले. निष्ठा दोन्हीकडे आहे, पण इथं ती वरून खालीही आली. अशा गोष्टीवरून कोणी भांडत नाही आणि फारसं कोणी तिला आठवतही नाही.

तरी भाचीचा प्रश्न राहतोच. राजाचे उपकार फिटले ते कोणाच्या खांद्यावर? जहागिरीचा वसूल कुठल्या तरी गावच्या शेतकऱ्यानं भरला असणार. पालखी भोयांनी वाहिली असणार. डफनं 'राजाचं मन राखलं' असं लिहिलं, पण राखणाऱ्यांत सर्वांत जास्त घाम ज्यांचा गेला, त्यांना त्यात नाव नाही. कुत्र्याला चौथरा मिळाला, भोयांना तोही नाही. शाहूंची कृतज्ञता खरी होती असं मी मानतो. ती फेडायचा खर्च दुसऱ्यांनी केला, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलांनी दोन उसांना चादर बांधून शेरूची पालखी केली. पुढं भाची, मागं भाचा. दहा पावलं गेल्यावर भाचा थांबला, खांदा चोळला आणि म्हणाला, "आता शेरूनं आपल्याला उचलायचं."

शेरूनं उडी मारली आणि तो उसात पळाला.